चित्र विणायला शिकायचंय, पण शिकवणारे शोधायचे कुठे?

वाचकाचं पत्र:

«माझं वय 52. टॅपेस्ट्री शिकायची फार इच्छा आहे. आतापर्यंत दोन ठिकाणी एक-एक दिवसाच्या कार्यशाळा केल्या. दोन्हीकडून जाडजूड लोकरीचं, खाली गोंडे लोंबणारं भिंतीवरचं शोपीस घेऊन परत आले. छान दिसतं, पण मला हवं होतं ते हे नाही. मला चित्र विणायचंय: झाड, पाणी, माणसं. म्हणून फ्रेमचा छोटा माग आणला आणि व्हिडिओ बघत बसले. वीतभर विणून झालं की कापड कमरेत आवळल्यासारखं होतं. खरं शिक्षण कुठे मिळतं? कोर्स चांगला की नुसता देखावा, हे पैसे भरण्याआधी कसं ओळखायचं? ऑनलाइन शिकता येतं का? मी चित्रकला शिकलेली नाही, मग हा नाद सोडून द्यावा का? आणि घरात स्वेटरची लोकर भरपूर पडून आहे, ती वापरू का?»

उत्तर:

नाद सोडायचा विषयच नाही. कापड कमरेत आवळतंय हे तुमच्या लक्षात आलं, तुम्ही ते नेमक्या शब्दांत लिहिलंत, आणि त्याआधी ‘मला हवं होतं ते हे नाही’ हेही ओळखलंत. वर्गात येणाऱ्या निम्म्या लोकांना एवढंही सांगता येत नाही.

आधी त्या दोन कार्यशाळांबद्दल. त्यांनी तुम्हाला फसवलं असं मला वाटत नाही. त्यांनी वेगळीच गोष्ट शिकवली. जाड लोकरीचे फुगे, गाठी, झालर यांचं शोपीस दिवसभरात होतं, कारण तिथे धागा भराभर जागा खातो. चित्र विणताना आडवा धागा, म्हणजे बाणा, कापडाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जातच नाही. प्रत्येक रंग आपापल्या हद्दीतच मागेपुढे फिरतो, आणि दाबून दाबून इतका घट्ट बसवला जातो की उभे धागे, म्हणजे ताणा, पूर्ण झाकला जातो. झाडाचा हिरवा झाडापुरता, पाण्याचा निळा पाण्यापुरता. दोघांच्या सीमेवर काय करायचं, हाच या कलेतला निम्मा अभ्यास. फ्रान्समधल्या ऑब्युसॉंच्या कसलेल्या विणकरांचा वेगसुद्धा महिन्याला साधारण एक चौरस मीटर सांगतात. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसने 1879 मध्ये स्वतःच्या झोपायच्या खोलीत माग उभारला आणि जुन्या फ्रेंच पुस्तकावरून शिकत पहिली टॅपेस्ट्री विणली, तिला 500हून अधिक तास लागले. तेव्हा ‘एका दिवसात तयार कलाकृती घरी न्या’ अशी जाहिरात दिसली की समजायचं, तिथे चित्र विणणं शिकवलं जाणार नाही. एका दिवसात प्रामाणिकपणे शिकवलं, तर घरी जाते तळहाताएवढी वेडीवाकडी पट्टी. ज्या वर्गातून लोक अशी पट्टी घेऊन बाहेर पडतात, तो वर्ग मला आवडतो.

आता माझं ठाम मत, आणि बाकी सगळा सल्ला त्यावरच उभा आहे. शक्य असेल तर सलग पाच दिवसांच्या शिबिरापेक्षा आठवड्यातून एकदा, दोन-तीन महिने चालणारा वर्ग निवडा. एकूण तास तेवढेच असले तरी. या कामात चूक लगेच दिसत नाही. आज धागा किंचित ओढला गेला, तर त्याचा परिणाम चार बोटं वर गेल्यावर कळतो. आठवड्याच्या वर्गात तुम्ही घरी विणता, चूक वाढते, ती तशीच घेऊन शिक्षकांपुढे बसता. पाच दिवसांच्या शिबिरात चूक वाढायच्या आत शिबिरच संपतं आणि खरी अडचण घरी गेल्यावर सुरू होते. तेव्हा विचारायला कोणी नसतं.

तुमच्या कमरेचंच उदाहरण घ्या. आडवा धागा उभ्या धाग्यांच्या वरून-खालून नागमोडी जातो, म्हणून त्याला मागाच्या रुंदीपेक्षा जास्त लांबी लागते. तो सरळ रेषेत टाकून दाबला, तर कमी पडलेली लांबी तो कडांकडून वसूल करतो आणि कडा आत येतात. उपाय असा: धागा कमानीसारखा सैल टाकायचा, कमानीच्या मध्ये बोटाने दोन-तीन ठिकाणी दाबून छोट्या टेकड्या करायच्या आणि मग फणीने खाली बसवायचा. टेकड्या फार उंच झाल्या तर धागा पृष्ठभागावर सुरकुतल्यासारखा वर येतो, फार बुटक्या झाल्या तर पुन्हा कंबर. एवढं तर व्हिडिओतही सांगतात. तरी तुमचं आवळतंय, कारण कडेला वळताना तुमचा अंगठा धागा नकळत ओढत असणार, किंवा ताणाच ढिला असेल, किंवा कडेचे दोन धागे मधल्यांपेक्षा सैल असतील. यातलं नेमकं काय चाललंय, हे बाजूला बसलेला माणूस दोन मिनिटांत सांगतो. तुम्ही पैसे भरायचे ते या दोन मिनिटांसाठी.

मग असा माणूस शोधायचा कुठे?

नुसतं ‘टॅपेस्ट्री’ म्हणून शोधलंत तर छापील पडदे, सुईने जाळीच्या कापडावर भरायचे संच आणि रंगीत क्रोशाच्या पिशव्याच जास्त सापडतील. वर्णनात माग, ताणा, बाणा यांचा उल्लेख आहे का तेवढं बघा. नसेल तर पुढे चला. (फ्रान्समधल्या बायो गावची प्रसिद्ध ‘टॅपेस्ट्री’ हीसुद्धा खरं तर भरतकाम आहे, तेव्हा हा घोळ जुनाच.)

सगळ्यात सोपी सुरुवात संघटनांपासून. अमेरिकन टॅपेस्ट्री अलायन्स 1982 पासून काम करते, तिचे सदस्य जगभर आहेत आणि तंत्रावरचे बरेच लेख तिच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. ब्रिटिश टॅपेस्ट्री ग्रुप आणि युरोपियन टॅपेस्ट्री फोरम याही अशाच संस्था. तिथे प्रदर्शनांच्या याद्या बघा, कोणाचं काम तुम्हाला खिळवून ठेवतं ते बघा, आणि ती व्यक्ती शिकवते का हे सरळ विचारा. विणकर मंडळी या बाबतीत कंजूष नसतात. दिवसाचे सहा-सात तास एकटं बसून काम करणाऱ्या माणसाला कोणीतरी मनापासून विचारलं की बरं वाटतं. स्वतः शिकवत नसतील, तर कोण शिकवतं ते सांगतील. हा मार्ग जाहिराती चाळण्यापेक्षा कितीतरी पटींनी खात्रीचा आहे.

दुसरा मार्ग लोकांना सुचत नाही. ‘टॅपेस्ट्री शिक्षक’ ही पाटी नसली तरी चालेल. हेच तंत्र जगभर वेगवेगळ्या घराण्यांत जगतंय: तुर्की किलीम (सपाट विणीची सतरंजी), नवाहो लोकांची ब्लँकेटं आणि गालिचे, अँडीज पर्वतातलं विणकाम, चीनचं रेशमी कसू, काश्मीरची कानी शाल आणि आपल्या ओळखीची पैठणी. पैठणीच्या पदरातले मोर-पोपट रंग बदलत, धाग्यात धागा अडकवत विणले जातात, तत्त्व तेच. या परंपरांमधला विणकर शिकवायला तयार असेल, तर हातात जी सफाई येईल ती क्वचितच दुसरीकडे येईल. फक्त तिथे त्यांच्या पद्धतीने आणि त्यांच्या नमुन्यांवर शिकायची तयारी ठेवा. पहिल्याच दिवशी स्वतःचं झाड विणायचा हट्ट धरू नका. साधं सतरंजीचं विणकाम शिकवणारा माणूससुद्धा ताणा लावणं, तो सारखा ताठ ठेवणं, कडा सांभाळणं, पंजाने, म्हणजे जड फणीने, बाणा ठोकणं हे सगळं शिकवू शकतो. चित्राचा भाग त्यानंतर दुसऱ्याकडून घेता येतो. कलाशाळांच्या वस्त्रकला विभागात बाहेरच्यांसाठी संध्याकाळचे वर्ग असतात का, तेही विचारून ठेवा. मात्र तिथे बऱ्याचदा भर मोठ्या मागावरच्या कापडावर असतो.

आता पैसे भरण्यापूर्वीची चौकशी. इथे भिडस्तपणा उपयोगाचा नाही.

पहिला प्रश्न: ताणा कोण लावणार? अनेक छोट्या कार्यशाळांत मागावर ताणा आधीच लावून ठेवलेला असतो. वेळ वाचतो, विद्यार्थी खूश होतात, आणि घरी गेल्यावर रिकाम्या मागासमोर हातावर हात धरून बसतात. ताणा लावायला शिकवत नसतील, तर त्या कोर्सची किंमत माझ्या लेखी निम्मी. दुसरा: एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? आठ-दहांपर्यंत ठीक. वीस असतील तर ते प्रात्यक्षिक झालं, तुमच्या अंगठ्याकडे कोणी बघणार नाही. तिसरा: वर्ग संपल्यावर अर्धं विणलेलं काम मागासकट घरी नेता येतं का? चौथा जरा धीर करून विचारा: तुम्ही स्वतः विणलेल्या कामाची मागची बाजू आणि कडा दाखवाल का? चांगला विणकर या प्रश्नाने खुलतो.

उत्तरं येईपर्यंत आधीच्या विद्यार्थ्यांच्या कामांचे फोटो चाळा. सगळ्यांचा तोच डोंगर, तोच सूर्य, तेच रंग दिसले, तर तो मोजूनमापून दिलेला संच आहे. एकाच्या पट्टीत उतरती रेघ नीट आलीय, दुसरीच्या पट्टीत दोन रंगांमधली चीर उघडी राहिलीय, तिसऱ्याने काहीतरी भलतंच केलंय, असं दिसलं तर तिथे शिकणं चालू आहे.

अभ्यासक्रमात काय हवं? मला तीन-चार गोष्टी दिसल्याशिवाय समाधान होत नाही. उभ्या सीमेवर चीर ठेवणं आणि ती न ठेवता दोन रंग एकमेकांत अडकवणं, या दोन्ही पद्धती. तिरप्या आणि गोल रेषा. एका रंगातून दुसऱ्या रंगात दातेरी पट्ट्यांनी सरकत जाणं, कारण छटा बनतात त्या इथेच. आणि कागदावरचं मूळ आकाराचं रेखाचित्र, ज्याला या धंद्यात कार्टून म्हणतात, ते ताण्यामागे लावून विणणं. या सगळ्याच्या आधी एक नियम पक्का करून घेणारे शिक्षक मिळाले तर तुमचं नशीब: शेजारचे दोन रंग एकाच ओळीत एकतर समोरासमोर यावेत किंवा एकमेकांपासून दूर जावेत, दोघांनी एकाच दिशेने चालायचं नाही. एका दिशेने चालले तर आकार डावी-उजवीकडे सरकवताना वर-खालीचा क्रम बिघडतो, कुठेतरी दोन ओळी एकाच बाजूने जातात आणि तिथे बारीकसा फुगवटा येतो. नवशिक्याला वाटतं आपला हात वाईट. हाताचा दोष काही नसतो, दिशा चुकलेली असते. हे कोणी न सांगितल्यामुळे लोकांनी माग माळ्यावर टाकलेले मी पाहिलेत.

ऑनलाइनचं विचारलंय. चालतं, आणि आजूबाजूला कोणीच नसेल तर तोच रस्ता. थांबवून, मागे नेऊन, पुन्हा बघता येतं, ही सोय वर्गात नाही. पण निवडताना एकच कसोटी लावा: तुमच्या कामाचे फोटो बघून कोणी उत्तर देणार आहे का? नुसते व्हिडिओ तर तुमच्याकडे आहेतच. आणि फोटो पाठवायचे तर नीट पाठवा. एक समोरून, पूर्ण मागासकट, कापडावर मोजपट्टी आडवी ठेवून, म्हणजे खाली किती रुंदी होती आणि वर किती उरली ते कळतं. एक मागच्या बाजूचा. एक खिडकीच्या तिरप्या उजेडात, म्हणजे फुगवटे आणि खळगे दिसतात. विणत असतानाच्या हातांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मिळाला तर शिक्षकाला आणखी काय हवं! एवढं करूनही ताणा किती ताठ आहे ते पडद्यावरून कळत नाही. तळवा ताण्यावर दाबून तो सगळीकडे सारखा लागतोय का, हे तुम्हालाच बघावं लागेल.

मोठ्या नावांच्या संस्थांबद्दल थोडक्यात. इंग्लंडच्या ससेक्समधल्या वेस्ट डीन कॉलेजचा स्वतःचा टॅपेस्ट्री स्टुडिओ आहे, शिल्पकार हेन्री मूरच्या चित्रांच्या टॅपेस्ट्री तिथेच विणल्या गेल्या, आणि तिथे अल्प मुदतीचे अभ्यासक्रमही चालतात. पण पहिली पायरी म्हणून तिथे धावू नका. वर्षभर घरी विणून, तीन-चार नेमके प्रश्न घेऊन गेलात तर पैसा वसूल. एडिनबरोचा डव्हकॉट स्टुडिओ 1912 पासून चालू आहे, मेलबर्नचं ऑस्ट्रेलियन टॅपेस्ट्री वर्कशॉप 1976 पासून. दोन्ही ठिकाणी वरच्या सज्जातून विणकर काम करताना बघता येतात. पॅरिसच्या गोब्लॅं या टॅपेस्ट्रीच्या कारखान्यात 1662 पासून माग चालू आहेत, आणि ऑब्युसॉंच्या कलेला युनेस्कोने 2009 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. कधी प्रवासाचा योग आला तर यातली एखादी जागा वाटेत घाला. शांतपणे उभं राहून विणकराचे हात बघा: बोट ताण्यात कुठे शिरतं, धागा गुंडाळलेली बॉबिन कशी फिरते, किती वेळा तो थांबून लांबून बघतो. फ्रेंच विणकर बहुतेक वेळ कामाच्या मागच्या बाजूने विणतात, हेही तिथे डोळ्यांनी दिसतं. नुसतं वाचून ते पटत नाही.

चित्रकला शिकलेली नाही, ही खंत मनातून काढून टाका. इजिप्तमध्ये गिझाजवळच्या हर्रानिया गावात रामसेस विसा वासेफ या वास्तुरचनाकाराने 1950च्या दशकात खेड्यातल्या मुलांना माग दिले. एक अट अशी की आधी रेखाचित्र काढायचं नाही, थेट मागावर विणायचं. त्या मुलांनी विणलेल्या झाडा-पक्ष्यांच्या टॅपेस्ट्री जगभर दाखवल्या गेल्या. नॉर्वेत स्थायिक झालेली हाना रिगेन मुळात शाळेत शिक्षिका. चित्रकला ती शिकली होती, पण विणकाम बहुतांशी स्वतःचं स्वतः शिकली आणि नवऱ्याने बनवलेल्या मागावर, कागदावर चित्र न काढता, युद्धाविरुद्धच्या भल्यामोठ्या टॅपेस्ट्री विणल्या. चित्रकला येत असेल तर मदत होते, नाही म्हणत नाही. पण इथे आकार ओळीओळीने, खालून वर वाढतो, पेन्सिलीसारखा कुठूनही सुरू होत नाही. हा विचार चित्रकारांनाही नव्यानेच शिकावा लागतो. वयाचं म्हणाल तर डोळे आणि मान जपा. फ्रेम टेबलावर आडवी ठेवून तीवर वाकू नका, भिंतीला टेकवून किंवा स्टँडवर उभी ठेवा आणि उजेड बाजूने घ्या. इतका साधा सल्ला कोणी वेळेवर देत नाही.

वर्ग मिळेपर्यंत हात रिकामे ठेवायचे नसतील तर एक करा. चित्र बाजूला ठेवा. दहा सेंटिमीटर रुंदीचा ताणा लावा, एका सेंटिमीटरला साधारण तीन धागे. दोनच रंग घ्या, मध्ये सरळ उभी सीमा ठेवा आणि वीतभर उंची होईपर्यंत रुंदी दहाच राहील एवढंच बघा. दर दोन बोटांनी मोजा. पट्टी बिघडली तरी उसवू नका, तशीच वर्गाला घेऊन जा. पहिल्या दिवशी शिक्षकांसमोर ती ठेवलीत, तर ओळख करून द्यायला आणखी काही लागणार नाही.

ता. क. स्वेटरच्या लोकरीबद्दल: बाण्याला सरावापुरती चालेल, ताण्याला अजिबात नको. ती ताणली की लांबते आणि सोडली की आखडते, ताण्याला हवा न ताणला जाणारा, घट्ट पिळाचा सुती किंवा तागाचा धागा. बाण्यालाही पुढे कमी लवचिक, जरा खरखरीत लोकर घ्या, ती दाबल्यावर जागेवर बसते. आणि इतकी लोकर पडून आहे म्हणता, तर वापरायच्या आधी उन्हात झटकून कसर लागलेली नाही ना ते बघा. एक किडलेला गुंडा शेजारच्या सगळ्यांना खातो.